वाळवंटातला वारा आणि आमच्या मोटारसायकली

मे महिना संपत आला की आमच्या कोल्हापुरात एक वारा सुटतो. आकाशात अजून ढगांचा पत्ता नसतो, पंचगंगेचे पात्र आटलेले असते, पण दुपारी तीनच्या सुमारास दारे आपटू लागतात, वाळत घातलेले कपडे शेजारच्या गच्चीवर जातात आणि म्हातारी माणसे म्हणतात, "वळवाचं नव्हं हे, हे मिरगाचं वारं." या वाऱ्याची खरी ताकद ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी पन्हाळ्याच्या पलीकडे मसाई पठारावर जावे. १६६० च्या जुलै महिन्यात शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले ते याच पठारावरून. मैलोगणती सपाट, झाड नाही, आडोसा नाही. जूनमध्ये तिथे गवत उभे राहतच नाही, आडवे पडूनच वाढते की काय असे वाटते. गुरे वाऱ्याला पाठ करून उभी असतात. गुराखी पोत्याची खोळ दोन्ही हातांनी धरून बसतो आणि तुम्ही काही विचारले तर उत्तर देण्यासाठी तोंड उघडत नाही, नुसता हात करतो.

या पठारावर मी प्रथम मोटारसायकल घेऊन गेलो तेव्हा मला वाऱ्याने रस्त्याखाली उतरवले होते. पडलो नाही, पण हँडल सरळ धरलेले, गाडी सरळ उभी, आणि तरी मी हळूहळू उजवीकडे चाललो आहे हा अनुभव मोठा चमत्कारिक होता. मी भूगोल शिकवतो. वारा म्हणजे फळ्यावर खडूने काढलेला बाण, अशी माझी तोवरची ओळख. तो बाण त्या दिवशी माझ्या बरगड्यांवर लागला असे म्हणावयास हरकत नाही.

मग आपली मास्तरकीची खोड. हा वारा येतो कोठून आणि जातो कोठे, हे वर्गात सांगताना मला नेहमी एका गोष्टीची गंमत वाटत आली आहे. अरबी समुद्रावरून येणारा हा नैर्ऋत्येचा प्रवाह सह्याद्रीला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस टाकतो. तिथून कोल्हापूर अवघे पंचावन्न किलोमीटर. पण शहरात येईतो पाऊस हजार मिलिमीटरवर येतो आणि शिरोळकडे गेलात तर त्याच्याही निम्म्यावर. हे आपल्याला ठाऊक असते. परंतु हाच प्रवाह उत्तरेकडे कच्छ-सिंधच्या किनाऱ्यावरून आत शिरतो आणि थरच्या वाळवंटावरून वाहतो, याचा विचार आपण करीत नाही. वायव्य हिंदुस्थानात उन्हाने तापून हवेचा दाब उतरलेला असतो, तो या वाऱ्याला ओढून घेतो. तिथे त्याला अडवणारा सह्याद्री नाही. अरवलीची रांग आहे खरी, पण ती नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, म्हणजे वाऱ्याच्याच दिशेने पसरलेली. वारा तिला घासून निघून जातो. शिवाय वरच्या थरात कोरडी हवा झाकणासारखी बसलेली. ढग वाढूच देत नाही. त्यामुळे जैसलमेरला वर्षाचा पाऊस वीस सेंटिमीटरसुद्धा होत नाही. आपल्याकडे जो वारा पाऊस आणतो, तोच तिथे वाळू उडवतो. सख्ख्या भावांपैकी एक शेती करावा आणि एक दरोडे घालावा, तसला प्रकार!

तर हा दुसरा भाऊ पाहावयाचा, असे माझ्या मनाने घेतले. वाळवंट पाहावयास लोक दिवाळीनंतर जातात. हवा थंड, उंटाची सवारी, रात्री गाणे-बजावणे. वारा मात्र तेव्हा नसतो. वारा पाहावयाचा तर मेच्या अखेरीसच जायला हवे, आणि कॉलेजची सुट्टीही तेव्हाच. २०१८ सालची ही गोष्ट. आम्ही तिघे होतो. उद्यमनगरात फौंड्री असलेले माझे एक मित्र, त्यांची जुनी बुलेट, मी, आणि माझा भाचा, वय बावीस, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या परीक्षेतून नुकताच सुटलेला, त्याची हलकी, नव्या घाटाची, चपळ गाडी. तंबू बरोबर घ्यायचा, जमेल तिथे उघड्यावर राहायचे, आणि पंधरा दिवसांत परत.

घरून विरोध झाला, तो साहजिकच होता. त्याच महिन्याच्या २ तारखेला रात्री राजस्थान आणि उत्तर प्रदेशात वादळ झाले होते. भरतपूर, अलवर, धोलपूर, आग्रा या भागांत शंभरावर माणसे गेली, बरीचशी झोपेत, भिंती आणि छपरे अंगावर पडून. वर्तमानपत्रात ती छायाचित्रे आली होती. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, ते वर्तमानपत्र घेऊनच माझ्याकडे आली. मी तिला पूर्व राजस्थान आणि पश्चिम राजस्थान यांतला फरक समजावून सांगू लागलो. तिने ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "ते तुझं भूगोल राहू दे. घेऊन जातोयस तसा आणून दे म्हणजे झालं." मी म्हटले, "मी आहे ना!" हे तीन शब्द पुढे मला पुष्कळ महागात पडले.

कोल्हापूर ते जैसलमेर दीड हजार किलोमीटरच्या आसपास. मुंबई, अहमदाबाद, सांचोर, बाडमेर असा मार्ग. त्यातल्या पहिल्या हजारात सांगण्यासारखे काही नाही. ऊन होते, मालमोटारी होत्या, धाब्यावरचा चहा होता. पहाटे चारला निघायचे, दहाच्या आत सावली गाठायची, हा नियम मात्र आम्ही पाळला. सांचोर सुटल्यावर झाडे बुटकी झाली, विरळ झाली, आणि मग रस्त्याच्या कडेच्या झुडपांमागे मला एक वस्तू दिसू लागली. प्रत्येक झुडपाच्या ईशान्येला वाळूची एक निमुळती शेपटी. वारा नैर्ऋत्येकडून येतो, झुडपावर आपटतो, झुडपाआड त्याचा वेग पडतो आणि हातातली वाळू तो तिथे टाकून देतो. शेकडो झुडपे, शेकडो शेपट्या, सगळ्या एकाच दिशेला! होकायंत्राची गरजच नाही. थरमधल्या मोठ्या टेकड्यांचेही तेच. तिथले लोक टेकडीला धोरा म्हणतात. त्यातले पुष्कळसे धोरे घोड्याच्या नालासारखे असतात आणि त्या नालाचे दोन्ही पाय वाऱ्याकडे, म्हणजे नैर्ऋत्येकडे पसरलेले असतात. मी गाडी थांबवून हे भाच्याला दाखवले. तो म्हणाला, "मामा, सुट्टीत पण तास घेताय होय?"

बाडमेर ते जैसलमेर आपण उत्तरेकडे, किंचित वायव्येकडे जातो. म्हणजे वारा डावीकडून. इथे दुचाकीवर बसणाऱ्याला वारा काय करतो ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुढच्या गोष्टीचे मूळ त्यात आहे.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. गाडी, बसणारा आणि मागे बांधलेले सामान मिळून बाजूने दीड चौरस मीटरचे अंग वाऱ्याला मिळते असे धरा. ताशी तीस किलोमीटरचा वारा या अंगावर ढोबळमानाने सहा किलो वजनाइतका रेटा देतो. ते जाणवतही नाही. साठचा वारा चोवीस किलोंचा रेटा देतो, म्हणजे एखादे शाळकरी पोर तुम्हांला एका बाजूने सतत ढकलते आहे. नव्वदचा झोत आला तर चौपन्न किलो, म्हणजे ते पोर मोठे झाले! मोटार अशा वेळी थोडी सरकते आणि चार चाकांवर उभी राहते. दुचाकीला उभे राहण्यासाठी वाऱ्यावर कलावेच लागते. वारा डावीकडून आला तर गाडी डावीकडे कललेली ठेवून सरळ चालवायची. हँडलच्या डाव्या मुठीवर पुढच्या बाजूला हलका दाब देत राहायचे, की गाडी डावीकडे कलते. ऐकायला उलटे वाटते. करून पाहणाऱ्याला पटते.

पण खरी भीती वाऱ्याची नाही, वारा अचानक थांबण्याची आहे. तुम्ही वाऱ्यावर रेलून चालला आहात आणि मध्येच आडोसा आला, तर ज्याच्यावर रेललात तोच काढून घेतला असे होते. गाडी झटकन वाऱ्याच्या बाजूला जाते. आडोसा संपला की वारा पुन्हा तोंडात मारतो आणि गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते. वारा डावीकडून असताना मालमोटारीला मागे टाकायला गेलात तर तिच्या उजव्या अंगाला काही क्षण विलक्षण शांतता लाभते. ती सरली की झोत बसतो आणि तुम्ही समोरून येणाऱ्यांच्या बाजूला ढकलले जाता.

फौंड्रीवाले मित्र यातले गणित जाणत नव्हते, पण गाडी जाणत होते. पहिल्याच दिवशी वाऱ्यात मी हँडल गच्च धरून, खांदे ताठ करून चाललो होतो. चहाला थांबल्यावर ते म्हणाले, "सर, हँडल गच्च धरलं की वारं तुमच्या हातातनं चाकात जातंय. टाकी गुडघ्यात धरा आणि हात सोडा सैल." मी तसे केले, आणि अर्धी भीती गेली. वारा अंगाला झोंबतो, अंग हलते. हात ताठ असले की अंगाचे प्रत्येक हलणे चाकाला कळते. हात सैल ठेवले तर अंग हलते, चाक आपल्या वाटेने जाते. त्यांनी माझे सामानही उतरवून पुन्हा बांधले. मी तंबू सगळ्यांत वर उभा बांधला होता, म्हणजे मी स्वतःच गाडीला शीड लावले होते. तो खाली, आडवा, मागच्या चाकाच्या दोहो अंगांना गेला.

जैसलमेर जवळ आले की पवनचक्क्या दिसू लागतात. २००१ पासून तिथे त्या उभ्या राहू लागल्या आणि आता रांगाच्या रांगा आहेत. आपल्याकडे साताऱ्याजवळ चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर आहेत त्याच जातीच्या, तोंडेही त्याच दिशेला केलेली. घरापासून दीड हजार किलोमीटरवर ओळखीचा माणूस भेटावा तसे झाले.

जैसलमेरच्या पुढे, रामगढच्या अलीकडे, एका ढाणीवर आम्ही दोन रात्री मुक्काम केला. ढाणी म्हणजे चार-दोन झोपड्यांची वस्ती. गोल भिंती, वर गवताचे निमुळते छप्पर. गोल भिंतीला वाऱ्याची चपराक बसत नाही, तो वळसा घालून जातो. हे शहाणपण शिकायला त्यांना कुठल्या कॉलेजात जावे लागलेले नाही. अंगणात एक खेजडी होती. खेजडी म्हणजे आपली शमी. कोल्हापुरात दसरा चौकात दर वर्षी जिचे पूजन थाटामाटाने होते तीच. आमच्याकडे ती वर्षातून एक दिवस देवी असते. तिथे तिच्या शेंगांची भाजी, पाल्यावर शेळ्या आणि सावलीत माणसे, असा बारमाही संसार असतो.

ढाणीचे मालक वयस्क गृहस्थ होते, मेंढ्या राखीत. मी तंबू ठोकण्यासाठी धोऱ्याच्या पायथ्याची, वाऱ्याआडची मऊ जागा निवडली होती. त्यांनी मान हलवली. धोऱ्याआड वाळू पडते, सकाळी तंबू गाडलेला सापडेल, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी कठीण, खडेरी जमीन दाखवली. तिथे खुंट्या ठोकल्या, पण वर चार बोटे वाळू होतीच आणि खुंटी तिच्यात उभी राहीना. तेव्हा त्यांनी पिशव्यांत वाळू भरून, दोरी बांधून त्या हातभर खोल पुरायला लावल्या. ओढून पाहिले. तिघांना हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मेंढ्या वेळेआधीच परतल्या. वारा पडला होता आणि उकाडा असा की श्वास घेणे म्हणजे काम वाटावे. मालकांनी पश्चिमेकडे बोट केले. क्षितिजावर तपकिरी रंगाची एक भिंत होती. आधी मला ती दूरची टेकडीच वाटली. मग तिच्या वरच्या कडेला काळा ढग दिसला, त्यात वीज चमकली, आणि ध्यानात आले की टेकडी चालते आहे. "आँधी," ते म्हणाले आणि अगदी सावकाश चुलीवर राख टाकायला गेले.

आँधी हा नेहमीच्या नैर्ऋत्य वाऱ्याहून वेगळा प्रकार आहे. गडगडाटी ढगातून पाऊस खाली येऊ लागतो. खालची हवा इतकी कोरडी असते की थेंब वाटेतच सुकतात. सुकताना ते हवा थंड करतात. थंड हवा जड, ती कोसळते, जमिनीवर आपटते आणि घागर ओतावी तशी चहूकडे पसरते. तिच्या तोंडाशी धूळ उभी राहते, ती कित्येकदा किलोमीटर-दोन किलोमीटर उंच. २ मेच्या रात्री ज्यांची घरे पडली ती अशाच खाली कोसळणाऱ्या हवेने.

आम्ही तंबू सोडवू लागलो. तीन दोऱ्या सुटल्या, चौथीपाशी मी होतो आणि भिंत आली. प्रथम थंडगार झोत, अंगावर काटा आणणारा. उन्हाळ्यात इतका सुखद की क्षणभर मी उभाच राहिलो. दुसऱ्या क्षणी तंबू माझ्या हातात नव्हता. एखादे गिधाड उडावे तसा दोन हेलकावे खाऊन तो धुळीत दिसेनासा झाला. पुरलेली पिशवी जागची हलली नव्हती, दोरीच तुटली होती. आम्ही झोपडीत धावलो. पुढचा अर्धा तास हाताचा पंजा डोळ्यांसमोर धरला तर अंधुक दिसत होता. छपराचे गवत शिट्टी वाजवीत होते. शेवटी चिखलाचे चार थेंब पडले आणि सारे थांबले.

बाहेर येऊन पाहतो तो बुलेट उभी, माझी गाडी उभी, आणि भाच्याची आडवी. पेट्रोल गळत होते. फौंड्रीवाल्यांनी एकवार पाहिले आणि म्हणाले, "गाडी वाऱ्याच्या उलट लावली होती." दुचाकीचा कडेचा स्टँड डावीकडे असतो. वारा उजवीकडून येईल अशी गाडी लावली, तर तो तिला स्टँडवर रेटतो. डावीकडून आला तर स्टँडवरून उचलून पलीकडे टाकतो. भाच्याने खांदे उडवले. "काय होत नाही मामा, एक आरसा तर गेलाय."

त्या रात्री खाटेवर पडून मला बॅग्नोल्डची आठवण झाली. राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश सेनेतला इंजिनिअर. १९२० नंतरच्या काळात त्याने साध्या फोर्ड मोटारी घेऊन लिबियाचे वाळवंट पालथे घातले. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, त्याच अनुभवावर त्याने वाळवंटात दूरवर गस्त घालणारी तुकडी उभी केली. पण मला त्याचे नवल वाटते ते वेगळ्याच कारणाने. हा गृहस्थ सुट्टीत सहल काढतो, वाळूत रुततो, खणून निघतो आणि घरी येऊन विचारतो की वाळूचा कण उडतो तरी कसा? त्यासाठी त्याने वाऱ्याचा बोगदा बांधला आणि १९४१ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही त्या विषयातला पायाचा ग्रंथ मानतात. कण तरंगत नाहीत, उड्या मारतात. एक कण वर उडतो, वारा त्याला पुढे नेतो, तो खाली पडताना दुसऱ्या कणांना टोला देतो, ते उडतात. या उड्या जमिनीलगतच राहतात. म्हणून वाळूच्या वाऱ्यात पोटऱ्या सोलून निघतात आणि डोके मात्र पुष्कळदा स्वच्छ हवेत असते. उंटाची मान इतकी उंच का, याचे हे एक कारण नसले तरी त्याचा फायदा त्याला होतोच. बसलेल्या माणसाला वाळू जास्त लागते, आणि मोटारसायकलवर आपण बसलेलोच असतो.

आपल्याकडची माणसेही याच्या आधी या वाटेने गेली आहेत. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ साली फेरी पुरी करून परतले. बगदादहून अलेप्पोकडे जाताना त्यांनी वाळवंट सायकलीवरून ओलांडले. इंजिन नाही, बर्फाचे पाणी नाही. त्यांची आठवण झाली की आमच्या तिघांच्या पराक्रमाबद्दल बोलताना मी आवाज जरा उतरवून घेतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही तनोटला गेलो. जैसलमेरपासून सुमारे एकशेवीस किलोमीटर, पाकिस्तानची सरहद्द तिथून जवळच. तनोट मातेचे देऊळ सीमा सुरक्षा दलाचे जवान सांभाळतात. १९६५ च्या युद्धात देवळाभोवती पडलेले आणि न फुटलेले तोफगोळे तिथे मांडून ठेवले आहेत. जाताना पहाट होती, वारा मंद, रस्ता धोऱ्यांवरून खाली-वर झोके घेत जाणारा. कोठे कोठे वाळू रस्त्यावर आली होती, पातळ पडद्यासारखी आडवी सरकत होती. तिच्यावरून जाताना आपण उभे आहोत आणि रस्ता बाजूला चालला आहे असा भास होई.

देवळाजवळ चहा घेताना एका जवानाने आमच्या गाड्यांकडे पाहून विचारले, परत कधी निघणार? मी म्हटले, दुपारी. तो म्हणाला, दुपारी वारा वाढतो. संध्याकाळपर्यंत थांबा किंवा सकाळी जा. हे मला ठाऊक होते. जमीन तापली की वरचा वेगवान वारा खाली मिसळतो आणि दुपारी झोत वाढतात, हे मी वीस वर्षे शिकवीत आलो होतो. पण मेच्या या शेवटच्या दिवसांचा हिशेब माझ्या डोक्यात पक्का होता. रात्री जैसलमेर, उद्या बाडमेर, परवा अहमदाबाद, कॉलेज उघडण्याआधी दोन दिवस हाती. शिवाय भाचा म्हणाला, "निघूया मामा." फौंड्रीवाले काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा त्यांना पसंत नसते, हेही मला ठाऊक होते. आम्ही एक वाजता निघालो.

परतताना वारा उजवीकडून. म्हणजे सबंध वाट आम्ही उजवीकडे, समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला कललेले. रामगढ वीस-पंचवीस किलोमीटरवर राहिले असेल. पुढे बुलेट, मध्ये भाचा, मागे मी. समोरून एक उंच भरलेली मालमोटार आली. ती भाच्याच्या शेजारी येताच त्याचा वारा तुटला आणि रेललेली गाडी एकदम उजवीकडे, मालमोटारीच्या अंगावर गेली. मागून मला तिची लांबलचक बाजू आणि तिच्याकडे कललेला तो मुलगा एवढेच दिसत होते. मध्ये हातभर अंतर असेल, नसेलही. त्याने गाडी डावीकडे खेचली. तेवढ्यात मालमोटार संपली, उजवीकडून झोत बसला, आणि दोन्ही रेटे एक होऊन तो रस्त्याखाली फेकला गेला. कडेला वाळू होती. पुढचे चाक रुतले आणि तो हँडलवरून पुढे गेला.

मी गाडी कशी थांबवली, आठवत नाही. तो उठून बसला होता. शिरस्त्राणाची काच वाळूने पांढरी झाली होती आणि तो डावे मनगट उजव्या हाताने धरून माझ्याकडे पाहत होता. म्हणाला, "मामा, वारा कुठं गेला हो मधीच?"

मनगटाचे हाड मोडले होते. एका जीपगाडीने त्याला जैसलमेरला नेले, प्लास्टर झाले, त्याची गाडी मागाहून रेल्वेने आली. डॉक्टर म्हणाले, वाळू होती म्हणून थोडक्यात निभावले. मी रात्रभर त्याच्या खाटेशेजारी बसलो होतो. तो औषधाने झोपला होता. मी मनाशी आकडे मांडीत होतो. सहा किलो, चोवीस किलो, चौपन्न किलो. बाडमेरच्या रस्त्यावर वारा डावीकडून असतो तेव्हा मालमोटारीचा धोका कोठे असतो, ते मी या मुलाला चहा पिताना सविस्तर सांगितले होते. परतीच्या वाटेवर तो बाजू बदलतो, समोरून येणारी प्रत्येक गाडी आडोसा होते, हे सांगायचे राहून गेले होते. ते मला सुचले नव्हते असे नाही. तनोटला सुचले होते. निघण्याच्या घाईत बोललो नाही.

अक्काला मी फोनवर सगळे सांगितले. दुपारी निघण्याचा निर्णय माझा होता तेही. ती ऐकून "बरं" म्हणाली. त्यानंतर आठवडाभर तिने फोन केला तो मुलाला, मला नाही. कोल्हापुरात परतल्यावर मी त्याला तिच्या घरी सोडायला गेलो. तिने प्लास्टरकडे पाहिले, मला चहा दिला आणि आत निघून गेली. ते चातुर्मासाचे दिवस असेच गेले. दसऱ्याला तिने सोने द्यायला म्हणून घरी बोलावले. मी आपट्याची पाने पुढे केली. ती घेताना म्हणाली, "ती शमीची सावली चांगली होती म्हणे तिथली. सांगत होता तो." त्यापुढे काही बोलली नाही; पण जेवायला थांब म्हणाली.

पुढच्या जूनमध्ये पहिला वारा सुटला तेव्हा भाचा संध्याकाळी माझ्या दारात हजर. "चला मामा, मसाईला जाऊन येऊ." मी त्याच्या मागे बसून गेलो. पठारावर तेच आडवे गवत, तीच पाठमोरी गुरे. मालमोटार नाही, वाळू नाही, फक्त वारा, आणि त्याला ओल्या मातीचा वास. देवळापाशी तो थांबला. गाडी स्टँडवर लावण्याआधी त्याने मान वळवून गवताकडे पाहिले, गाडी ढकलून उलटी फिरवली, आणि मग खाली उतरला.